दाबातली काडी

आमच्या सरांनी माझ्या देखत एकाही विद्यार्थ्याचं प्रॅक्टिकल डोळ्यांनी पाहिलं नाही. पोराला इंजिनाजवळ उभं केलं की ते आपलं लोखंडी स्टूल उचलून वर्कशॉपच्या दाराबाहेर नेत, आत पाठ करून बसत आणि समोरच्या कुंपणभिंतीकडे बघत ऐकत राहत. मार्क द्यायचे ते आवाजावरून. "घाई केली," ते भिंतीला सांगत. किंवा, "पाना हातातून पडला. उचलला. पुसला नाही." पाना पुसला नाही हे त्यांना पाठीमागून कसं कळतं, याचा पोरांनी पुष्कळ शोध घेतला. मीही घेतला. शेवटी त्यांनीच सांगितलं, "तेलकट पाना नटावर घसरतो, त्याचा आवाज वेगळा असतो. तुम्ही आकड्यांत असता म्हणून ऐकत नाही."

मी आकड्यांत असतो हे खरं आहे. जळगावच्या एका खासगी आयटीआयमध्ये मी वर्कशॉप कॅल्क्युलेशन शिकवतो, म्हणजे कारागिराला लागणारं गणित. सर तिथेच डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवायचे. मूळचे धुळ्याचे. वडिलांचं तिथे ऑईल इंजिनं दुरुस्तीचं दुकान होतं. सोमवारी सकाळच्या बसने यायचे, शनिवारी संध्याकाळी परत. ईदच्या दुसऱ्या दिवशी मात्र आमच्यासाठी शीरखुर्म्याचा डबा घेऊन मुद्दाम यायचे, सुट्टी असली तरी.

बसमध्ये त्यांची जागा ठरलेली असायची, ड्रायव्हरच्या मागची, इंजिनाजवळची. एकदा मी त्यांच्यासोबत होतो. एरंडोल सोडल्यावर ते पुढे वाकले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "भाऊ, एक इंजेक्टर थेंब टाकतोय. फवारा नाही राहिला."

ड्रायव्हर म्हणाला, "सर, तुम्ही तिकीट काढून बसले ना? मग झोपा की जरा. बठ्ठी गाडी झोपेल शे."

"तूना इंजिन झोपू देत नही ना, भो," सर अहिराणीत म्हणाले.

पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा ड्रायव्हर उतरून मागच्या बाजूला जाऊन काळा धूर बघून आला. पुढे धुळ्यापर्यंत त्याने सरांना आपल्या डब्यातली शेव खिलवली.

त्यांच्या खिशात कायम एक वस्तू असायची. जाड काचेची वीतभर नळी, एका टोकाला बंद. आत घट्ट बसणारा पितळी दांडा, त्याच्या टोकाला रबरी वायसर. नळीच्या तळाशी ते रुईचा कण टाकायचे, सरकी काढलेल्या स्वच्छ कापसाचा, मोहरीएवढा. मग दांडा तोंडात बसवायचा आणि वरून तळहाताने एकदम हाणायचा. काचेच्या आत लख्ख उजेड व्हायचा. कापूस पेटलेला असायचा. काडी नाही, ठिणगी नाही, काही नाही. फक्त आतली हवा जोरात दाबली गेली आणि तापली, एवढंच.

"काडी बाहेर नही," ते म्हणायचे, "काडी दाबमा शे."

पेट्रोल आणि डिझेलमधला फरक शिकवायला आमच्या पुस्तकात चार पानं आहेत. सर तो स्वयंपाकघरातून शिकवायचे. "पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल आधीच कालवून येतं. ते जपून दाबायचं. नऊ-दहा भागांचा एक भाग केला की बस. मग प्लगने ठिणगी टाकायची. जास्त दाबशील तर ते ठिणगीची वाट बघणार नाही, वेळेआधी स्वतःच पेटेल आणि पिस्टनच्या डोक्यात हाणेल. डिझेलचं वेगळं. आत येते ती नुसती हवा. तिला पेटायचं भय नाही, म्हणून मरेस्तोवर दाब. सतरा भागांचा एक कर. अठराचा कर. ती लाल तव्यासारखी तापते. मग वरून डिझेलचा फवारा. आता सांगा, कढई तापायच्या आधी मोहरी टाकली तर तडतडते का?"

पोरं म्हणायची, "नाही सर."

"मग? आधी कढई, मग मोहरी. हेच डिझेल. आणि एवढा दाब सोसायचा तर कढई जाड हवी. म्हणून डिझेलचं इंजिन जड, चाक जड, आवाज जड. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

असं ऐकल्यावर कुणीतरी हमखास माणसांची विभागणी सुरू करायचं. अमके सर पेट्रोलवर चालतात, पटकन भडकतात. प्राचार्य डिझेल, गरम व्हायला वेळ लागतो. स्टाफरूममध्ये हा विनोद फार लोकप्रिय होता. सरांना तो अजिबात चालत नसे. "माणसाला माणूस म्हणा," ते कप खाली ठेवून म्हणायचे. "इंजिनाची अब्रू कशाला काढता?"

आमची मैत्री झाली ती एका दुरुस्तीमुळे. त्यांनी वर्कशॉपच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवलं होतं, "हवा सतरावा भाग होते, दाब सतरापट होतो." मी त्यांना म्हटलं, पहिलं बरोबर, दुसरं चूक. हवा थंड राहिली असती तर सतरापट झाला असता. पण ती तापते, आणि तापलेली हवा जास्त ढकलते. दाब चाळीस पटींच्या आसपास जातो. त्यांनी मला फळ्यावर मांडून दाखवायला लावलं. मी मांडलं. ते दोन पावलं मागे सरले, बघत राहिले, मग बाहेरून रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले आणि माझ्या समोर भिंत दुरुस्त केली. पुढे दर बॅचला सांगायचे, "ही दुसरी ओळ गणिताच्या सरांची आहे. मी आयुष्यभर निम्म्याहून कमी सांगत होतो." चूक मान्य करताना एवढा आनंदी होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एकाच गोष्टीवर ते चिडायचे. आमच्याकडे थंडीत डिझेलवरचं ऑईल इंजिन सुरू होत नसलं की शेतावर एक युक्ती करतात. कापसाचा बोळा पेट्रोलमध्ये बुडवायचा आणि इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी ठेवायचा. हवेबरोबर पेट्रोलची वाफ आत जाते आणि पहिल्या दाबालाच भडका उडतो. पुष्कळदा इंजिन चालूही होतं. पण पुष्कळदा वाफ वेळेआधी पेटते, पिस्टन वर पोचायच्या आत. मग चाक उलटं फिरतं आणि ते फिरवायचं हातातलं हँडल उलटं येतं. "नऊ-दहाच्या दाबाची वस्तू तुम्ही सतराच्या दाबात घालता," ते ओरडायचे, "आणि वर हात पण तिथेच ठेवता!"

त्यांचं उजवं मनगट वाकडं होतं. लिहायचे डाव्या हाताने. मनगटाबद्दल विचारलं तर म्हणायचे, "पेट्रोल आणि डिझेलमधला फरक मला नाही, याला कळला." त्यापुढे काही सांगायचे नाहीत.

आता त्या मुलीबद्दल.

प्रवेशाच्या दिवशी सर टेबलावर ती काचेची नळी घेऊन बसायचे. येणाऱ्या प्रत्येकाला कापूस पेटवायला सांगायचे. ही काही प्रवेश परीक्षा नव्हती, नियमातही नव्हती. सरांना फक्त बघायचं असे. पोरं दंड फुगवून दांडा दाबायची, नळी छातीशी धरून रेटायची, लाल व्हायची. कापूस तसाच.

शेजारी शिवणकामाच्या ट्रेडची रांग होती. तिथे एक मुलगी बापासोबत उभी होती. चोपड्याच्या वरच्या अंगाला सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, पावसाच्या भरवशावरची शेती. बाप हंगामात जंगलातून मोह आणि डिंक आणून विकायचा. ती आमच्या टेबलाकडे बराच वेळ बघत होती. मग रांग सोडून आली.

"सर, मी करू?"

सरांनी नळी दिली. तिने दाबली, हळूहळू, शेवटपर्यंत. काही झालं नाही. तिने दांडा काढला, कापूस बघितला, नळीच्या काचेवरून बोट फिरवलं.

"काच गरम झाली," ती म्हणाली. "कापूस नाही झाला."

"का?"

"हळू दाबलं म्हणून ऊब काचेत गेली असेल." तिने नळी टेबलावर टेकवली, दांडा बसवला आणि मुसळ घालावं तसा एक घाव घातला. नळीत उजेड झाला.

सर म्हणाले, "हिचं नाव माझ्याकडे लिहा."

बाप घाबरला. "सायेब, आमी शिलाई मशीनला लिवायला आलो."

"आबा, मशीनलाच लिहितोय. जरा मोठी आहे, एवढंच."

प्राचार्यांचा विरोध होता. मुलगी डिझेलला कशी टिकेल, हँडल कसं मारेल, उद्या काही लागलं तर कोण बघेल. सरांनी एकाच वाक्यात उत्तर दिलं, "ती नापास झाली तर चूक माझी धरा." प्राचार्यांनी ते वाक्य लक्षात ठेवलं आणि स्टाफच्या मीटिंगमध्ये दोनदा आठवणही करून दिली.

ती टिकली. कोर्स संपत आला तेव्हा सावद्याच्या एका केळी पिकवण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तिची नोकरीही ठरली. तिथे वीज गेली की जनरेटर लगेच चालू व्हावा लागतो, नाहीतर खोल्यांतली केळी नासतात. मालक म्हणाले, प्रमाणपत्र घेऊन या आणि कामाला लागा. म्हणजे सगळं प्रॅक्टिकलवर आलं. पास झाली तर नोकरी. नापास झाली तर वर्ष गेलं, आणि जागा मालक थोडीच अडवून ठेवणार? त्यात त्या वर्षी परीक्षा लांबल्या आणि थेट डिसेंबरात आल्या. सर डिसेंबरअखेर निवृत्त होत होते. पुढच्या खेपेला शिकवायला ते नसणार होते.

परीक्षेत एक काम हमखास असायचं, जुनं एका सिलिंडरचं ऑईल इंजिन हाताने सुरू करणं. त्याला चावी नाही, बॅटरी नाही. हँडल मारून चाक फिरवायचं. आता सतराचा दाब कोणत्याही माणसाच्या हाताने थेट पेलत नाही, पैलवानाच्याही नाही. म्हणून इंजिनाच्या डोक्यावर एक छोटी लिव्हर असते. ती उचलली की व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा दबत नाही, चाक हलकं फिरतं. चाकाने पुरेसा वेग घेतला की लिव्हर सोडायची. मग दाब हात देत नाही, जड चाक देतं. लवकर सोडली तर चाक अडकतं. वेग कमी असला तर हवा दबते पण तापत नाही, ऊब थंड लोखंडात निघून जाते. काचेच्या नळीत झालं तेच.

तिचा नंबर पहिला होता. म्हणजे रात्रभर गारठलेलं इंजिन तिच्या वाट्याला. मागून येणाऱ्यांना ते तापलेलं मिळणार होतं. बाहेरून आलेले परीक्षक सज्जन गृहस्थ होते. तिच्याकडे बघून म्हणाले, "बाळ, हाताला झेपेल ना? हँडलला एखादा मुलगा देऊ का?"

"नको सर."

सरांनी स्टूल उचललं आणि दाराबाहेर नेऊन पाठ करून बसले. मी दारात उभा होतो. मला दोघंही दिसत होती.

पहिल्या खेपेला तिने लिव्हर जरा लवकर सोडली. चाक धापकन अडकलं, इंजिनाने भुस्स केलं आणि संपलं. सर भिंतीला म्हणाले, "लवकर." परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. तीन संधी होत्या, एक गेली. ती ओढणी कमरेला घट्ट खोचून तळहात धुवायला नळावर गेली. परीक्षक पुढच्यांच्या सह्या घ्यायला टेबलाशी वळले.

वर्कशॉपला आमच्याकडे एक नाना होते. साफसफाई, हत्यारं देणं-घेणं, चहा सगळं त्यांच्याकडे. अमळनेरकडचे, शेतकरी माणूस. तिला ते पोरी म्हणायचे आणि डब्यातलं लोणचं द्यायचे. ते इंजिनाभोवती फडका मारत होते. मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. फडका मारणं हे त्यांचं कामच होतं.

ती आली. हँडल बसवलं, लिव्हर उचलली, पाय रोवले. आणि थांबली.

त्याच क्षणी बाहेर स्टूल पडल्याचा आवाज झाला. मी वळून बघितलं. सर उभे होते, अर्धे वळलेले, तोंड उघडलेलं. मग मलाही वास आला. पेट्रोलचा.

परीक्षा चालू असताना शिकवणाऱ्याने एक शब्द जरी आत टाकला तर विद्यार्थ्याची ती संधी जाते. हे सरांना माहीत होतं, मला माहीत होतं. पण आत त्या हँडलवर तिचं मनगट होतं. सरांनी श्वास आत घेतला. ते ओरडणारच होते.

आत ती हँडल काढत होती. तिने ते खाली ठेवलं, चालत इंजिनाच्या पलीकडे गेली, हवेच्या तोंडातून कापसाचा ओला बोळा दोन बोटांनी काढला आणि लांब खिडकीत ठेवला.

सर परत वळले. स्टूल सरळ केलं आणि बसले. वाकडं मनगट त्यांनी दुसऱ्या हातात घट्ट धरलेलं होतं.

"हे काय आहे?" परीक्षकांनी विचारलं.

"पेट्रोल आहे सर. काढलं."

"कोणी ठेवलं?"

नाना भिंतीला टेकून उभे होते, फडका छातीशी धरून. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "सर, आत वाफ गेली असेल. लिव्हर उचलून थोडं फिरवते, मोकळं होऊ दे. त्याची संधी धरणार का?"

परीक्षकांनी एकदा बोळ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "तयारीत धरतो," म्हणाले. "फिरव."

तिने लिव्हर उचलून चाक निवांत फिरवलं, जात्यावर बसल्यासारखं. मग थांबली, हवेच्या तोंडाशी नाक नेलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा नाक नेलं. बाहेर सरांची पाठ ताठ होती.

मग तिने पाय रोवले आणि सुरुवात केली. आधी सावकाश. मग जरा जोरात. मग चाकाचा आवाज बदलला, घरघर जाऊन एक सलग सूर लागला. मला वाटलं, आता सोडेल. तिने सोडली नाही. अजून दोन फेरे दिले. मग लिव्हर खाली.

ठक्.

एक क्षण काहीच नाही.

ठक्. ठक्. ठक्-ठक्-ठक्. धुराड्यातून काळा गोळा निघाला, मग करडा, मग काहीच नाही. वर्कशॉपचे पत्रे थरथरायला लागले. रांगेतली पोरं ओरडली. परीक्षकांनी लिहिलं आणि कागद उलटा घातला.

ती बाहेर आली. सर भिंतीकडेच बघत होते. "किती वेळ थांबलीस?" त्यांनी विचारलं.

"वास जाईपर्यंत."

"मग बरोबर आहे." एवढंच. शाबासकी वगैरे त्यांच्या ट्रेडमध्ये नव्हती.

नाना मात्र कोपऱ्यात बसून राहिले होते. सर आत गेले. मला वाटलं आता स्फोट होणार. या एका गोष्टीवर मी त्यांना पोरांच्या अंगावर पाना फेकताना पाहिलं होतं. नानांनाही तेच वाटलं असावं. ते उठून उभे राहिले आणि हात जोडायला लागले. "सर, माले वाटनं, गार इंजिन शे, पोरले सोपं जाई..."

सरांनी त्यांचे हात खाली केले. त्यांचा एक हात धरून आपल्या उजव्या मनगटावर ठेवला, जिथे हाड बाहेर आलेलं होतं, आणि तसाच थोडा वेळ दाबून धरला.

"नाना, मना अब्बानी बी असाच कापूस ठेवा व्हता," ते म्हणाले. "मी ल्हान व्हतू. पोऱ्याले सोपं जावो म्हनीसन."

इंजिन चालू होतं, त्यामुळे हे माझ्याशिवाय कुणी ऐकलं नसावं.

सरांनी खिडकीतला बोळा उचलून बाहेर मातीत टाकला, बुटाने दाबला. मग हात पुसत स्टूलाकडे गेले, आत पाठ केली आणि बसले.

"इंजिन बंद करा, गार होऊ द्या," ते भिंतीला म्हणाले. "दुसऱ्यालाही गारच मिळालं पाहिजे. कोण आहे?"